परातीतलं उदयपूर

देवास नाक्यापलीकडचं जग आमच्या घरमालकांना मान्य नव्हतं. आहे असं लोक म्हणतात, असेल बुवा, इतकंच ते म्हणायचे. कारण शुद्ध शारीरिक होतं. बस नाका ओलांडायची आणि मालकांच्या पोटात कालवाकालव सुरू व्हायची. तरुणपणी एकदा ते मेव्हणीच्या लग्नाला देवासला निघाले. चार वेळा बस थांबवली, पाचव्या वेळी कंडक्टरनं हात जोडले, तेव्हा उतरून पायी इंदूरला परत आले. त्या लग्नाच्या फोटोंत ते नाहीत. मुळात फोटोच नाहीत, कारण ते यांनीच काढायचे होते. मेव्हणी अजून बोलत नाही.

आता गंमत ऐका. याच गृहस्थांना इंटरनेटवर नऊ हजार माणसं भारतभर भटकणारे थोर प्रवासी म्हणून ओळखत होती.

मी त्यांचा भाडेकरू. मल्हारगंजात खाली रस्त्याला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ, मागे त्यांचं घर, वर आम्ही नवराबायको, आणि मधे सतरा पायऱ्यांचा जिना. आठ वर्षं राहिलो. आता विजय नगरात लिफ्टच्या इमारतीत राहतो. लिफ्टमध्ये माणसं भेटतात, पण वर बघत उभी राहतात. म्हणून जुन्या गोष्टी सांगून दिवस काढतो.

मालकांचे आजोबा दरबारच्या नोकरीत होते. वडिलांनी नोकरी न करता स्टुडिओ काढला आणि एका पेंटरकडून एक पडदा रंगवून घेतला. त्यावर तळं, तळ्यात शिकारा, मागे बर्फाचे डोंगर. आणि काठावर एक नारळाचं झाड. पेंटरला समुद्रही येत होता, तो वाया का घालवायचा, असा त्यात विचार होता. आसपासच्या गावांतली जोडपी लग्नानंतर इथे यायची, पडद्यासमोर हातात हात घालून उभी राहायची आणि काश्मीर बघून संध्याकाळच्या गाडीनं घरी जायची. त्या गावांतल्या कितीतरी घरांत भिंतीवर अजून ते काश्मीर आहे, नारळासकट.

या धंद्यानं मालकांना एक सवय लावली होती. समोर माणूस दिसला की ते म्हणायचे, "हनुवटी थोडी खाली." भाजीवाल्याला म्हणायचे, डॉक्टरांना म्हणायचे. मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा मलाही हेच म्हणाले. मला वाटलं, भाडेकरूनं या घरात नम्र असावं अशी अट असेल. मी आठ वर्षं खाली मान घालून राहिलो.

मोबाइल आले आणि गिऱ्हाइकं गेली. पासपोर्टच्या फोटोला कुणी आला तर आला. एकदा दुपारी शेजारच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली, फरशीवर पाणी साचलं आणि त्यात समोरच्या जुन्या घराचा झरोका उलटा दिसला. मालकांनी फोटो काढला, फिरण्याच्या हौशी लोकांच्या एका मराठी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ओळखा पाहू, कुठे?"

मिनिटभरात ठाण्याच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांचं उत्तर आलं. "पुष्कर!" पाठोपाठ पुष्करचा इतिहास, उत्तम हवामान केव्हा असतं, आणि कचोरी कुठे खाऊ नये.

मालक फोन घेऊन सतरा पायऱ्या चढून वर आले.

"भिया, आता या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू की ही बाजूच्या गुप्ताजींची टाकी आहे? बिचाऱ्यानं इतका अभ्यास केला."

"मग काय करणार?"

त्यांनी विचार केला आणि उत्तर टाकलं, "वा!"

त्या एका शब्दावर पुढचं सगळं साम्राज्य उभं राहिलं. "ऐसा है भिया," ते मला समजवायचे, "वा म्हणजे हो नाही. वा म्हणजे नाही पण नाही. मी कधी जागेचं नाव लिहिलं? मी गेलो असं बोललो? मी फक्त पूछलं. खोटं जे काय आहे ते सगळं पब्लिकचं आहे." आणि हे अक्षरशः खरं होतं. नऊ हजार माणसांत एकानं त्यांना विचारलं नाही, की तुम्ही गेलात का? जो फोटो टाकतो तो गेलेला असतोच, ही आपल्या काळाची श्रद्धा आहे.

मग आमचे दौरे सुरू झाले. आमचे म्हणतोय, कारण परात मी धरायचो. काकूंची, म्हणजे मालकीणबाईंची, कणीक मळायची पितळी परात काठोकाठ पाण्यानं भरायची, मोबाइल उलटा करून पाण्याला जवळजवळ टेकवायचा आणि समोर कुठलीही इमारत घ्यायची. तळं तयार. मनगट हललं की तळ्यात लाटा. विजय नगरात एक मोठी इमारत उठत होती, तिथल्या वाळूच्या ढिगावर मालक पोटावर झोपून फोटो काढत होते तेव्हा चौकीदार धावत आला.

"बाबूजी, रेत का फोटू क्यों ले रहे हो?"

"तुला रेत दिसते, बेटा," मालक न उठता म्हणाले, "जरा हनुवटी खाली कर, मग रेगिस्तान दिसेल."

चौकीदारानं खरंच मान खाली घातली आणि म्हणाला, "अरे हाँ!" ठाण्याचे मॅनेजरही म्हणाले, "जैसलमेर!"

गल्लीतल्या पिंजाऱ्याच्या दुकानात कापूस उडत होता, त्याचा फोटो टाकला तर गुलमर्ग की मनाली यावर तीन दिवस भांडण चाललं. पुण्याचे एक गृहस्थ ग्रुप सोडून गेले. मालकांनी दोन्ही पक्षांना निःपक्षपातीपणे "वा!" दिला. त्यांची एकच तक्रार होती, आणि ती महापालिकेविरुद्ध. इंदूर इतकं झाडून पुसून ठेवलेलं, की जुन्या गल्लीचा फोटो जुना दिसेना. एकदा त्यांनी एका कोपऱ्यात वाळकी पानं स्वतः आणून पसरली आणि मोबाइल काढेपर्यंत कचरागाडीवाली बाई ती उचलून घेऊन गेली. वर म्हणाली, "काकाजी, इस उमर में कचरा फैलाते हो?"

"माणूस फिरतो कशाला?" ते म्हणायचे. "येऊन सांगायला. सांगायची सोय झाली, मग फिरायचं कशाला?"

यावर स्वयंपाकघरातून आवाज यायचा. "मला सांगायचंच नाहीये. मला फक्त जायचंय." त्या काकू. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली, आणि बाईंनी इंदूरबाहेर पाहिलं होतं ते माहेर, म्हणजे देवास. "लोकांना वाळवंट दाखवून आणलंत, बर्फ दाखवलात, आणि माझी परात तेवढी रोज उदयपूरला. बाईमाणसापेक्षा परातीचं नशीब मोठं या घरात!"

उदयपूरचं आता सांगतो.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमागे, म्हणजे राजघराण्याच्या दगडी समाध्यांमागे, नदीकडे उतरणाऱ्या काही पायऱ्या आहेत. नदीचं पाणी कसं आहे, हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगू नये. पण फोटोला वास नसतो. प्रवासाच्या फोटोंचा सगळा व्यवहार याच पायावर उभा आहे. मी परात धरली, मालकांनी संध्याकाळच्या उन्हात फोटो काढला. परातीतल्या पाण्यातून वर चढणाऱ्या अकरा पायऱ्या आणि वर छत्री. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर फोटो. ठाणे गरजलं, "उदयपूर! या पायऱ्यांवर मी स्वतः बसलोय, सात वर्षांपूर्वी!"

मालकांनी तो "वा!" दोनदा वाचला आणि मगच पाठवला.

या फोटोखाली मिरजेच्या एका बाई आल्या. त्यांनी जागा ओळखली नाही. त्यांनी लिहिलं, "खालून तिसऱ्या पायरीवर कुणीतरी नवकंकरीचा पट कोरला आहे. लहानपणी आम्ही देवळात असाच कोरून त्यावर खडे मांडले होते आणि मार खाल्ला होता." आम्ही दोघांनी भिंग घेऊन पाहिलं. होता! आम्ही तिथे परात टेकवली होती आणि आम्हाला दिसला नव्हता.

इथे मालकांची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर ते नुसते बनेल वाटतील. नऊ हजारांतला जो कोणी दोन ओळी लिहील त्याची ते चौकशी करायचे. कुणाची साखर, कुणाचा गुडघा, कुणाची मुलगी कॅनडात, सगळं पाठ. सकाळी दहा ते बारा रिकाम्या स्टुडिओत बसून ते चौकशा लिहीत. जागा गुप्ताजींच्या टाकीची, पण चौकशी अस्सल. मिरजेच्या बाईंशी असाच पत्रव्यवहार सुरू झाला. बाई शिक्षिका होत्या, निवृत्त, एकट्या. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टर पायऱ्या चढा म्हणत होते तर त्या घाबरून चढत नव्हत्या. मग एक दिवस त्यांनी लिहिलं, "भाऊ, तुमच्या फोटोतल्या पायऱ्या मोजल्या. अकरा आहेत. आता रोज जिन्यावर तेवढ्याच मोजते. आज चार झाल्या."

मालकांनी तो फोन मला दाखवला आणि आपल्या जिन्याच्या पायऱ्या मोजत खाली उतरले.

रोज आकडा यायचा. पाच. पाच. सहा. एके सकाळी विचारलं, "त्या पटाची डावीकडची एक रेघ दिसत नाही. सावली आहे, की कोरलीच नाही?" मालक पोहे खात होते. बशी तशीच ठेवून त्यांनी स्कूटर काढली, मला मागे घेतलं, कृष्णपुरा गाठला, वाकून पायरीवरून बोट फिरवलं, परत आले, आणि पोहे गार व्हायच्या आत लिहिलं, "ताई, बोट फिरवून पाहिलं, रेघ नाहीच. कुणीतरी कोरायची अर्धवट सोडली आहे." मला म्हणाले, "देखा? खरी माहिती द्यायची म्हटलं तर आपण एक घंटा पण नाही लावत."

मग जे व्हायचं तेच झालं. ठाण्याच्या मॅनेजरांनी जाहीर केलं, की ग्रुपमधले आठ जण टेम्पो ट्रॅव्हलर करून निघत आहेत, आधी इंदूरला येऊन आपल्या थोर प्रवाशाला भेटतील आणि तिथून त्यालाच वाटाड्या म्हणून सोबत घेऊन उदयपूर. खाली मिरजेच्या बाईंची ओळ होती, "अकरा झाल्या. मीही येते. त्या पायऱ्या तुम्हीच दाखवा."

मालकांनी स्टुडिओचं दार आतून लावलं. काकूंनी ते बाहेरून वाजवलं.

"अहो, उघडा! आता काय पडद्यामागे लपणार?"

"पोट बिघडलं सांगतो."

"सांगा. आणि ती बाई काठी टेकत उदयपूरभर अकरा पायऱ्या शोधत फिरेल. एक-एक घाट उतरेल, एक-एक घाट चढेल. पुन्हा पडली म्हणजे? तेव्हा पण वा लिहाल?"

मग कडी निघाली. "सांगून टाकतो," मालक म्हणाले. "सगळ्यांसमोर. तिथेच. भिया, तू परात घेऊन चल. पुरावा."

मंडळी आली. ठाण्याचे मॅनेजर गळ्यात दुर्बीण घालून उतरले आणि मल्हारगंजाकडे बघून म्हणाले, "थोडंफार जोधपूरसारखं आहे." मिरजेच्या बाई शेवटी उतरल्या, ठेंगण्या, काठी हातात, नजर मात्र वही तपासणाऱ्या मास्तरीणबाईंची. पोहे झाले, जिलेबी झाली. मग मालकांनी सगळ्यांना पडद्यासमोर उभं करून फोटो काढला, प्रत्येकाची हनुवटी खाली करून. मॅनेजर नारळाकडे बघून म्हणाले, "हे केरळ ना?" मालक सवयीनं "वा" म्हणणार होते. काकूंनी मागून परात आपटली.

काकूही सोबत निघाल्या. कृष्णपुऱ्याला छत्र्या बघून झाल्या. मालक मंडळींना मागच्या पायऱ्यांपाशी घेऊन आले, वरच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मंडळी, माफी मागतो. उदयपूर, उदयपूर जे तुम्ही म्हणता ना, ते हेच. हाच फोटो. मी आयुष्यात उदयपूरला गेलेलो नाही. देवासच्या पुढे मी कुठेच गेलेलो नाही. खरं तर देवासलाही पोचलो नाही."

मग मॅनेजर असे हसले, की छत्रीवरची कबुतरं उडाली.

"काय हो तुमचा विनोद! मला वाटलंच होतं तुम्ही मिश्कील असणार!"

"अहो भाईसाहब, सच में! हीच पायरी."

"आणि ते आरशासारखं पाणी?"

"ती परात होती." मी परात वर केली. आता आठही जण हसत होते. एका वहिनींनी पोट धरलं.

मॅनेजरांनी आपल्या मोबाइलवर तो फोटो उघडला आणि खऱ्या पायऱ्यांच्या शेजारी धरला. रेघ न् रेघ जुळत होती. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि शांतपणे निकाल दिला. "नाही. हा दगड बघा, काळपट. तिथला कसा सोनेरी. ही जागा ठीक आहे, इंदूरच्या मानानं चांगलीच आहे. पण त्या पायऱ्यांची शान वेगळी. मी स्वतः बसलोय ना तिथे!"

इथे मला सगळा उलगडा झाला. मालकांचं खोटं आता मालकांच्या हातात राहिलंच नव्हतं. ते मागे घ्यायचं तर ठाण्याच्या मॅनेजरांना सात वर्षांपूर्वीची आपली बैठक मोडावी लागली असती, आणि इतका मोठा त्याग कोण करतो? सगळे मॅनेजरांच्या मागून फोटो काढायला छत्रीकडे गेले. मालक मान खाली घालून तिथेच उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या हनुवट्या खाली केलेला माणूस, आता त्याची स्वतःची छातीला टेकली होती.

तेव्हा खालून आवाज आला. "अकरा."

मिरजेच्या बाई पायऱ्या उतरून गेल्या होत्या. काठी बाजूला ठेवून त्या खालून तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या आणि दगडावरून बोट फिरवत होत्या. आम्ही दोघं धावत खाली गेलो.

"डावीकडची रेघ खरंच नाही," त्या म्हणाल्या.

मालकांनी पुन्हा हात जोडले. "ताई, मी तुम्हाला..."

"भाऊ, मी रेघेचं विचारलं आणि तुम्ही तासाभरात बोट लावून पाहून सांगितलंत. इंदुरात बसलेला माणूस तासाभरात उदयपूरला जाऊन येतो होय? पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी."

"मग... तेव्हाच कळलं होतं? बोलल्या का नाही?"

"तुम्ही कुठे बोललात?" बाईंनी आजूबाजूचे तीन खडे उचलून पटावर मांडले. "पायऱ्या खऱ्या आहेत, एवढं मला पुरे होतं. त्यासाठीच तर इंदूरला आले. हनुवटी थोडी वर करा बघू आता. आणि खेळायला बसा. नऊ खडे गोळा करा."

मालक बसले. आणि हरले. उठताना बाई काकूंना म्हणाल्या, "माझ्या पायऱ्या झाल्या. पुढचा प्रवास या खुब्याला झेपायचा नाही. गाडीत माझी जागा रिकामी आहे, यांची तर आहेच. तुम्ही जाता?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या थेट टेम्पोत जाऊन बसल्या, खिडकीपाशी, आणि "कपडे?" म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथे बाजार नसेल काय?" परात तेवढी माझ्याकडून मागून घेतली. का, ते कुणाला कळलं नाही. मला वाटतं, चाळीस वर्षांचा हट्ट होता. एकदा परात आणि बाईमाणूस बरोबरीनं जावं.

मिरजेच्या बाई चार दिवस आमच्याकडे वर राहिल्या. सतरा पायऱ्या चढल्या, रोज दोनदा. खाली स्टुडिओत बसून मालकांना नवकंकरीत हरवत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर काकूंचा फोटो आला. आयुष्यातला पहिला. मागे खरंखुरं तळं, तळ्यात नाव, पलीकडे पांढरा महाल, आणि पुढे काकू, नवीन साडीत, परात छातीशी ढालीसारखी धरून. खाली लिहिलं होतं, "ओळखा पाहू, कुठे?"

उत्तरं धडाधड आली. मंडळी येऊन गेल्यावर आमची गल्लीही त्या ग्रुपात शिरली होती, आणि आता तीच पुढे होती. "स्टुडिओचा पडदा!" "भाभीजी, नारियल कहाँ गया?" "नया परदा बनवाया क्या भिया?" पिंजाऱ्यानं तर पेंटरचं नाव विचारलं.

मालकांनी फोटो मोठा केला, काकूंच्या चेहऱ्यावर आणला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांना हनुवटीबद्दल काही म्हणायचं नव्हतं. मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, त्यांनी जन्मात पहिल्यांदा जागेचं नाव लिहिलं.

"उदयपूर आहे. खरं. ती गेली आहे, मी नाही."

गल्लीनं त्यावर हसण्याची चित्रं पाठवली. ढीगभर. मालकांनी हताश होऊन फोन पालथा ठेवला, तोच तो एकदा थरथरला. त्यांनी उचलून पाहिला, मग समोर पाहिलं. समोर पडद्याखालच्या स्टुलावर मिरजेच्या बाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर, आपला मोबाइल हातात. त्यांनी लिहिलं होतं, "वा!"